गारवा आपला, घरघर शेजाऱ्याची

बोईसरमध्ये रात्र दोनदा होते. एक सगळ्या गावाची, दहा-अकरानंतरची. दुसरी सकाळी आठच्या पुढे, रात्रपाळी करून एमआयडीसीतून परतलेल्या माणसांची. कंपनीच्या बसमधून नवापूर नाक्यावर उतरायचं, घरी येऊन आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि पडदे ओढून आडवं व्हायचं. शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात, खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असते. अशा वेळी झोप यायची तर खिडकी बंद आणि एसी चालू, याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. आणि एसी चालू झाला की नवा प्रश्न उभा राहतो. कधी आपल्याच डोक्यावरचा ब्लोअर फरफरतो, कधी समोरच्या भिंतीवरचं आउटडोअर घरघरतं.

घरातल्या एसीच्या आवाजाकडे आपण फार हलक्याने पाहतो. ‘मशीन आहे, आवाज करणारच’ असं म्हणून विषय संपवतो. तो संपत नाही, कारण ज्याला गारवा मिळतो आणि ज्याला आवाज मिळतो ती दोन वेगळी माणसं असू शकतात. स्प्लिट एसीची रचनाच तशी आहे. शांत अर्धा भाग आपल्या खोलीत, गोंगाटाचा अर्धा भाग बाहेर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या खिडकीसमोर. तारापूर, चिंचणी, पास्थळ, सालवड ते बोईसर या पट्ट्यात हा प्रश्न कसा दिसतो, त्यात यंत्राचा दोष किती, भिंतीचा किती, हवेचा किती आणि कायद्याचा आधार किती, हे एकत्र मांडायचा हा प्रयत्न आहे.

आधी एसी इथे हवाच कशाला, ते पाहू. आपल्या किनारपट्टीवर पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीला जात नाही. त्रास आहे तो दमटपणाचा. पंखा माणसाला गार करतो तो घाम वाळवून. हवाच ओलीकच्च असली की घाम वाळत नाही, आणि पंखा नुसती गरम हवा फिरवत बसतो. म्हणून इथे एसीचं बरंचसं काम हवेतलं पाणी काढण्याचं आहे. मे महिन्यात ड्रेन पाइपाखाली बादली ठेवून पाहावी, रात्रीतून किती पाणी जमतं ते कळेल. या यंत्राचा जन्मही दमटपणातूनच झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखलं, ते माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगून छपाईचे रंग सरकत होते, ते थांबवायला.

चिंचणी-तारापूरच्या जुन्या वाडवळी आणि भंडारी घरांना हा प्रश्न एवढा जाचला नाही. उंच मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे वाडी, समोरासमोर दारं. खाऱ्या वाऱ्याला आत यायला वाट होती आणि बाहेर जायलाही. किनाऱ्यापासून आत गेलं तर वारली पाड्यांवर कारवीच्या कुडाची शेणाने लिंपलेली घरं. त्या भिंतीच श्वास घेतात. मग १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले, कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, औद्योगिक वसाहत वाढली. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. बोईसरच्या बैठ्या चाळींच्या जागी चार-सात मजली इमारती आल्या. एका इमारतीची भिंत दुसरीपासून हाताच्या अंतरावर. तिथे वारा कुठून येणार?

त्यात वास. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रात्री उशिरा कधी सडक्या अंड्यासारखा, कधी आंबट, कधी औषधी दुकानासारखा वास वाऱ्यावर येतो आणि घरोघरी खिडक्या बंद होतात. शहरातले लोक गारव्यासाठी एसी घेतात. बोईसरमधली किती तरी घरं तो खिडकी बंद ठेवता यावी म्हणून घेतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही आणि आत शिरलेला रासायनिक वायू काढूनही टाकत नाही. खोलीतलीच हवा तो फिरवतो. नेहमीची जाळी धूळ अडवते, वायू नाही. वास फार असेल तर त्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयात करायची असते. एसी हा त्यावरचा उपाय नाही.

आवाजाशी इथल्या माणसाचं आणखी एक नातं आहे, तेही विसरता येत नाही. ८ मार्च २०१८ च्या रात्री औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला. ११ जानेवारी २०२० ला संध्याकाळी दुसरा झाला, त्यात आठ जीव गेले. त्याचा दणका किती तरी किलोमीटरपर्यंत घरांच्या काचा हादरवून गेला. तेव्हापासून इथे बरेच जण एक कान उघडा ठेवून झोपतात. मध्यरात्री आउटडोअर ‘ढण्’ करून बंद पडलं, तर दुसऱ्या गावचा माणूस कूस बदलेल. इथला उठून बसतो.

आता आवाज. एसीचा आवाज एक नसतो, दहा-बारा असतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. ते ओळखता आले तर मेकॅनिकला ‘आवाज येतो’ एवढंच सांगावं लागत नाही आणि न लागणारे पार्ट बदलण्याचा खर्चही टळतो.

काही आवाज निरुपद्रवी. एसी सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटं प्लास्टिकची टिकटिक होते, कारण गार होताना बॉडी आकसते आणि नंतर फुगते. बंद केल्यावर पाइपातून ‘सूं’ किंवा खळखळ येते, ती गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होताना. याच्या मागे लागू नये. ड्रेनमधून सतत गुडगुड येत असेल तर मात्र पाइपाचा उतार बिघडलेला असतो किंवा आत शेवाळ साचलेलं असतं.

इनडोअरचा सगळ्यात जास्त त्रासाचा आवाज फरफरीचा. आतला ब्लोअर म्हणजे हातभर लांबीचा दंडगोल, त्यावर बारीक पात्यांच्या रांगा. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर आणि रस्त्याची धूळ यांचा चिकट थर त्या पात्यांवर बसतो. तो सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून ब्लोअर डगमगत फिरतो. जाळी धुतली म्हणजे एसी साफ झाला असं आपण समजतो. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावीच, पण ब्लोअर स्वच्छ करायला वर्षातून एकदा इनडोअर नीट उघडावं लागतं. किर्र-किर्र किंवा चिमणीसारखी चीं-चीं असेल तर ब्लोअरच्या टोकाचा बुश कोरडा पडलेला असतो. त्यावर घरातलं खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडणारे मी पाहिले आहेत. चार दिवस शांतता मिळते, मग तेलात धूळ मिसळून आवाज दुप्पट होतो. बुश बदलणं हाच उपाय, आणि तो महागाचा नाही.

बाहेर खडखड असेल तर पंख्याचं पातं तुटलेलं, वाकलेलं, किंवा आत पक्ष्याने काड्या रचलेल्या. कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होताना ‘ढण्’ होत असेल तर त्याच्या पायाखालचे रबराचे बुश कडक झालेले. साध्या एसीत कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्यांनी फिरतो आणि थांबतो तेव्हा एकदम थांबतो. तो धक्का रबराने गिळायचा असतो. इन्व्हर्टर एसीत वेग हळूहळू कमी-जास्त होतो, म्हणून हा दणका नसतो, पण त्याची एक बारीक, उंच पट्टीची शीळ काही जणांच्या कानाला बोचते. कॉम्प्रेसर नुसता ‘हूंऽऽ’ करून सुरूच होत नसेल तर कॅपेसिटर कमजोर झालेला असतो किंवा व्होल्टेज पडलेलं असतं. संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी एकदम लागतात तेव्हा हे हमखास होतं. आणि रात्रभर भिंतीवरून ‘खट्ट, खट्ट’ ऐकू येतं ते बहुतेक वेळा एसीचं नसतंच, स्टॅबिलायझरच्या रिलेचं असतं. तो पलंगाच्या उशाशी लावू नये.

घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. रिमोटवर फक्त ‘फॅन’ लावायचं. आवाज तसाच राहिला तर दोष ब्लोअरचा. थांबला तर कॉम्प्रेसर, पाइप किंवा बाहेरच्या भागाचा. दुसरी, आवाज येत असताना इनडोअरची बॉडी तळहाताने हलकेच दाबायची. आवाज बदलला तर पॅनेल किंवा मागची प्लेट सैल आहे. बाहेरच्या युनिटला मात्र खिडकीतून वाकून हात लावू नये. गजाबाहेर लटकणाऱ्या मेकॅनिकचीही मला काळजी वाटते. दोर न बांधता तिसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्यावर उभं राहणारी ही पोरं बहुधा विशीतली असतात, आणि ‘दोर लावल्याशिवाय चढू नका’ हे घरमालकाने म्हटलं तर पाच मिनिटंच जास्त लागतात.

माझ्या स्वतःच्या घरी एका उन्हाळ्यात भिंत गुणगुणायला लागली. एसीपासून दूर, शेजारच्या खोलीतली भिंत. मेकॅनिकने पंख्याची मोटर बदलली, कॅपेसिटर बदलला, गॅस भरला. पैसे गेले, गुणगुण राहिली. शेवटी एका जुन्या जाणत्या मिस्त्रीने बाहेर वाकून पाहिलं आणि तांब्याचा पाइप खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकलेला दाखवला. कॉम्प्रेसरची थरथर पाइपातून ग्रिलमध्ये, ग्रिलमधून भिंतीत. त्याने पाइप दोन बोटं सरकवला आणि मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. झालं. त्या दिवसापासून मी एसीचा आवाज आला की आधी भिंतीकडे पाहतो, मग यंत्राकडे.

कारण त्रासाचा मोठा भाग हवेतून येतच नाही, तो बांधकामातून येतो. आउटडोअर ब्रॅकेटवर बसतं, ब्रॅकेट भिंतीला बोल्टने आवळलेला असतो, भिंत स्लॅबला जोडलेली असते. थरथरीला वाट सापडली की दोन मजल्यांवरच्या माणसाचा पलंग गुणगुणतो आणि त्याला कळतही नाही की यंत्र कुणाचं आहे. आता नव्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात. त्या पोकळ-सच्छिद्र असल्याने साधा फास्टनर त्यात घट्ट बसत नाही, वर्ष-दोन वर्षांत सैल होतो, आणि हलकी भिंत थरथरीला जास्त साथ देते. अशा भिंतीवर बोल्ट आरपार घेऊन आतून पट्टी लावावी, किंवा युनिट भिंतीऐवजी छज्ज्यावर, स्लॅबवर ठेवावं. ब्रॅकेट आणि युनिट यांच्यामध्ये जाड रबराचे पॅड हवेत. तांब्याच्या पाइपाला आउटडोअरजवळ एक सैल वळसा द्यावा. तो ताठ ओढलेला असला की थरथर थेट आत आणतो. फिटिंगच्या दिवशी ही तीन कामं करून घेतली तर नंतरच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. पण मार्च-एप्रिलमध्ये फिटिंगवाल्याला दिवसाला चार-पाच घरं करायची असतात, आणि आपल्यालाही आज रात्री गार झोपायचं असतं.

आता इथल्या हवेचा वाटा. पुण्यात दहा वर्षं टिकणारा ब्रॅकेट चिंचणीच्या किनाऱ्यालगत त्याच्या निम्मी वर्षंही धड राहत नाही. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते ओलाव्यासह लोखंडावर बसले की रंगाखालून गंज चढतो. त्यावर औद्योगिक वसाहतीतून येणारे आम्लधर्मी वायू. कंडेन्सरमध्ये तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या एकमेकींना चिकटून असतात. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू असे जोडलेले असले की ॲल्युमिनियम झिजत जातं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर तांबं काळं पडतं. हळूहळू पात्यांचा बोटाने चुरा होतो.

याचा आवाजाशी काय संबंध? पुष्कळ. पात्या झडल्या की उष्णता बाहेर टाकता येत नाही. आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ, जास्त जोर लावून चालतो, पंखाही वरच्या वेगाने फिरत राहतो. पहिल्या उन्हाळ्यात ऐकू न येणारं यंत्र तिसऱ्या उन्हाळ्यात गुरगुरायला लागतं. तोवर ब्रॅकेटचे बोल्ट गंजून सैल झालेले असतात. आवाज वाढला ही इथे केवळ गैरसोय नसते, कॉइल किंवा ब्रॅकेट जाण्याआधीची ती पहिली वर्दी असते. गंजलेल्या ब्रॅकेटवरून तीस-चाळीस किलोचं युनिट खाली आलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून या पट्ट्यात एसी घेताना तांब्याच्या कॉइलला संरक्षक लेप आहे का, हे विचारावं आणि ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचा किंवा निदान जाड गॅल्व्हनाइज्ड घ्यावा. यंत्रावर हजारो खर्चून लोखंडी अँगलवर शे-दोनशे वाचवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आउटडोअरच्या कॉइलवर हलक्या धारेने गोडं पाणी सोडलं तरी मीठ निघून जातं. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘ॲसिड मारून चकाचक करतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणावं. चकाचक होते ती पात्यांची उरलेली जाडी.

यंत्राच्या जाहिरातीत छापलेल्या डेसिबलच्या आकड्यांबद्दल थोडं. ‘फक्त २१ डेसिबल’ असं जे लिहिलेलं असतं ते इनडोअरच्या सगळ्यात मंद वेगाचं, निःशब्द प्रयोगशाळेतलं मोजमाप असतं. पूर्ण वेगात तेच यंत्र चाळिशीत जातं. आउटडोअर बहुधा पन्नाशीच्या आगेमागे असतं, आणि तो आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडतो. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. दहाने वाढ म्हणजे कानाला आवाज जवळपास दुप्पट. पन्नास डेसिबलची दोन यंत्रं शेजारी चालली तर शंभर होत नाहीत, त्रेपन्न होतात, चार चालली तर छप्पन्न. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात, पण दोन इमारतींमधल्या बोळात हा हिशेब चालत नाही. तिथे आवाज एका भिंतीवरून दुसरीवर आपटत राहतो. बोईसरमध्ये आठ-दहा आउटडोअर नेमकी अशाच बोळात तोंडाला तोंड लावून टांगलेली असतात, कारण रस्त्याकडची बाजू ‘शो’साठी राखलेली असते. एकमेकांची गरम हवा ओढत ती सगळीच जास्त जोराने चालतात.

आणखी एक अडचण. मोजणी होते ती कानाच्या सवयीनुसार, म्हणजे खालच्या पट्टीचे सूर कमी धरून. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावर चालणाऱ्या मोटरची गुणगुण शंभर हर्ट्झच्या आसपास. या पट्टीतले जवळपास वीस डेसिबल मोजणीत वजा होतात. पण पडदे, काचा आणि चार इंची भिंत हीच खालची पट्टी सगळ्यात कमी अडवतात. म्हणून मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा लहान दिसतो आणि तरी डोकं भणभणतं. ‘तुम्हाला भास होतो’ असं अशा माणसाला सांगणं अन्यायाचं आहे. जपानमध्ये घरगुती पाणी तापवण्याच्या हीट-पंपांविरुद्ध अशाच तक्रारी आल्या. एसीचेच भाऊबंद असलेली ही यंत्रं रात्री चालतात. २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा चौकशी आयोगाने या तक्रारींचा अहवाल दिला आणि शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीचा विचार करून यंत्राची जागा ठरवण्यावर भर दिला. न्यूयॉर्कच्या आवाजविषयक नियमांत एका एसीचा आवाज शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीच्या आत तीन फुटांवर ४२ डेसिबलपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आहे. या दोन्ही ठिकाणी विचार होतो तो ऐकणाऱ्याच्या जागेचा.

आपल्याकडे? पर्यावरण संरक्षण नियमांत घरगुती उपकरणांसाठी कारखान्यातच पाळायच्या मर्यादा आहेत. फ्रिज ४६, कूलर ६०, एक ते दीड टनाचा खिडकी-एसी ६८ डेसिबल. ही यादी खिडकी-एसीच्या जमान्यातली आहे, ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत गाठायची म्हणून केलेली. स्प्लिट एसी त्या यादीत नाही, शेजाऱ्याची खिडकीही नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे परिसराच्या आवाजाबद्दल आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. आवाज या मर्यादेहून दहा डेसिबलने जास्त असेल तर तक्रार करता येते. म्हणजे निवासी इमारतीत रात्री ५५. समोरच्या आउटडोअरचे पन्नास डेसिबल रात्रभर तुमच्या उशाशी घुमत असतील तरी या नियमाखाली तक्रार उभीच राहत नाही. आणि कारखाने, दुकानं, घरं एकमेकांत मिसळलेल्या बोईसरमध्ये आपली इमारत नेमक्या कोणत्या रकान्यात येते, यावर पुन्हा वाद घालता येतो. मिश्र भागाचं वर्गीकरण करायचा अधिकार नियमांनी प्रशासनाकडे दिलेला आहे.

महाराष्ट्रात आवाजाविरुद्ध न्यायालयात मोठ्या लढाया झाल्या. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल इथल्या माणसालाही उपयोगी पडला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्येच शांततेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला होता. पण या लढाया लाउडस्पीकर, फटाके, मंडप यांच्या होत्या. तो आवाज दोन-चार रात्रींचा असतो आणि करणारा ओळखू येतो. एसीचा आवाज चार महिने रोज असतो, आणि करणारा जिन्यात भेटणारा, आजारपणात धावून येणारा शेजारी असतो.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. बाकी सगळा दिवस. सकाळी आठ ते दुपारी तीन झोपणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने झोपलेलाच नसतो. त्याच्या खिडकीशी दिवसाचे ५५ चालतात, आणि तक्रारीसाठी ते ६५ व्हावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा म्हणते. दिवसाची झोप मुळातच उथळ आणि आखूड असते, कारण शरीर प्रकाशाला आणि उबेला जागं होत असतं. सतत एकसुरी आवाजापेक्षा चालू-बंद होणारा आवाज ती लवकर मोडतो. आणि ज्याची झोप मोडली तो रात्री अकराला पुन्हा रिॲक्टरपुढे, बॉयलरपुढे, पॅनेलपुढे उभा राहणार आहे. स्फोटांनंतर सुरक्षेची साधनं, परवाने, तपासण्या यांबद्दल आपण बोलतो. कामगार कामावर येण्याआधी किती तास झोपला, हे कुणी विचारत नाही. ज्या गावाचा पगार तीन पाळ्यांतून येतो, त्या गावात ‘रात्र’ घड्याळावर ठरवून चालणार नाही. ग्रामपंचायतीने, सोसायट्यांनी आणि कंपन्यांच्या वसाहतींनी हे आपापल्या पातळीवर ठरवता येण्यासारखं आहे. कुठला कायदा त्याच्या आड येत नाही.

सोसायटीच्या उपविधींत इतरांना उपद्रव होईल असं वागू नये, असं कलम असतंच. त्याला धरून आउटडोअर लावण्याआधी सोसायटीला कळवायचं, समोरच्या घराची झोपायची खोली कुठली आणि तिथे रात्रपाळीचं माणूस आहे का ते विचारायचं, एवढा ठराव केला तरी पुरे. जागा असेल तर पाइप लांबवून युनिट गच्चीवर न्यावं. फिटिंगचा खर्च थोडा वाढतो, गच्चीवर दुरुस्ती सुरक्षित होते आणि मेकॅनिकला लटकावं लागत नाही. पाइप किती लांब चालेल हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, ते ओलांडू नये.

नवं यंत्रच आवाज करत असेल तर बिल, वॉरंटी कार्ड आणि आवाजाचा व्हिडिओ जपून ठेवावा आणि तक्रार लेखी द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र पोलिसांत जाणं हा शेवटचा उपाय ठेवावा. आधी त्याला आपल्या खोलीत बोलवावं, पंधरा मिनिटं बसवावं. बहुतेकांना आपलं यंत्र बाहेर काय करतं हे माहीतच नसतं, कारण ते ऐकू येऊ नये म्हणूनच तर त्यांनी ते बाहेर लावलेलं असतं.

घरात आपल्या हातात असलेलंही थोडं आहे. रिमोट १८ वर ठेवला की कॉम्प्रेसर आणि ब्लोअर दोन्ही पूर्ण जोरात राहतात. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू करताच २४ वर येतात, ते वीज वाचवण्यासाठी, पण शांततेसाठीही ते चांगलं. २६ आणि सोबत छताचा पंखा हळू, यात आमच्या दमट हवेतही झोप लागते, आणि पंख्याची एकसारखी झुळझुळ बाकीचे बारीक आवाज झाकते. दहा बाय दहाच्या खोलीला दीड टन घेऊ नये. साधा एसी मग दर पाच मिनिटांनी चालू-बंद होतो आणि दमटपणाही नीट निघत नाही. पलंगाची उशाची बाजू ब्रॅकेटच्या भिंतीला नको. आउटडोअरवर पत्र्याची किंवा प्लायची पेटी चढवू नये. गरम हवा कोंडते, आवाज वाढतो आणि कॉम्प्रेसर जातो. कानात बोळे घालून झोपायला मी रात्रपाळीवाल्यांना पूर्वी सुचवत असे, आता सुचवत नाही. औद्योगिक वसाहतीच्या एवढ्या जवळ राहून सायरन आणि शेजाऱ्याची हाक ऐकू येणं बंद करू नये.

आमच्या बोळातली तीन आउटडोअर गेल्या वर्षी गच्चीवर गेली. चौथं अजून दुसऱ्या मजल्यावर आहे. घर भाड्याने दिलेलं, मालक गुजरातेत, ब्रॅकेटचा उजवा पाय गंजून खाली झुकलेला. भाडेकरू म्हणतो मालकाला सांगा, मालक म्हणतो पावसाळ्यानंतर बघू. त्याच्या समोरच्या खोलीत अकरा ते सातच्या पाळीचा एक ऑपरेटर झोपतो. त्याने पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला आहे. सोसायटीच्या वहीत ब्रॅकेटचा फोटो चिकटवून ठेवला आहे, आणि येत्या रविवारी मिस्त्री दोर घेऊन येणार आहे.